गाडीची दुसरी चावी: लपवण्याआधी विम्याचा विचार करा

अंधारबनचा ट्रेक पिंपरी गावातून सुरू होतो आणि खाली भिऱ्याला संपतो. आपल्या दुचाकी वर पिंपरीतच राहतात, त्यामुळे भिऱ्याहून जीप करून परत यावं लागतं. काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही चौघं असेच परत आलो. सहा वाजून गेले होते, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. मी रेनकोटच्या खिशात हात घातला तर चावी नाही. दुसरा खिसा पाहिला, सॅक पाहिली, सॅकमधली प्लास्टिकची पिशवी पाहिली, पुन्हा पहिला खिसा. चावी जंगलात कुठल्या तरी ओढ्यात गेली होती. हँडल लॉक केलेलं आणि दुसरी चावी पुण्यात, घरच्या कपाटात. एका मित्राने आपली गाडी काढली, पुण्याला जाऊन चावी घेऊन आला, तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. तोवर गावातल्या एका मावशींनी आम्हाला ओसरीवर बसवून दोनदा चहा पाजला.

त्याच आठवड्यात मी एक चावी गाडीवर लपवली. साईड कव्हरच्या आत, वायरिंगच्या मागे, केबल टायने आवळून. नवीन गाडी घेतलेल्या बहुतेकांच्या डोक्यात कधी ना कधी हा विचार येतोच, आणि त्यात वावगं काही वाटतही नाही. दोन वर्षांनी माझ्या मेहुण्याची गाडी सोसायटीच्या बाहेरून चोरीला गेली. त्याचीही दुसरी चावी तशीच साईड कव्हरमध्ये होती. विम्याच्या कामासाठी मी त्याच्याबरोबर फिरलो आणि पहिल्याच दिवशी घरी येऊन माझ्या गाडीवरची चावी काढून टाकली. तेव्हा कळलेलं सगळं इथे क्रमाने लिहितो आहे. नवीन गाडी घेतली असेल, किंवा जुनी घ्यायच्या बेतात असाल, तर हे चोरी होण्याआधीच करून ठेवायचं आहे.

आधी चाव्या मोजा

शोरूममधून गाडी घेताना साधारणपणे दोन चाव्या मिळतात. त्यांच्याबरोबर बऱ्याच कंपन्या एक छोटा बिल्ला देतात, पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा. त्यावर काही आकडे असतात. तो चावीचा नंबर. गाडी घेतल्याच्या आनंदात हा बिल्ला चावीच्या जुडग्यातच राहतो किंवा टाकून दिला जातो. तो आजच वेगळा काढा, फोटो घ्या आणि गाडीच्या कागदांत ठेवा. मात्र गाडीच्या डिकीतल्या कागदांत नव्हे, घरातल्या. पुढे चावी करायची वेळ आली तर या नंबरावरून कंपनीच्या मापाची नवी चावी मागवता येते. झिजलेल्या चावीवरून दुसरी कापली तर झीजसुद्धा नव्या चावीत उतरते आणि लॉक अडकायला लागतं.

जुनी गाडी घेत असाल तर पैसे देण्याआधी दोन्ही चाव्या मागा. "एक हरवली, शोधून देतो" हे उत्तर मिळालं तर लॉकसेट, म्हणजे गाडीची कुलपं आणि त्यांच्या चाव्यांचा सगळा संच, बदलायचा खर्च सौद्यातून कमी करून घ्या, गाडी नावावर होताच शोरूममधून लॉकसेट बदला आणि बिल जपून ठेवा. आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती फार जणांची राहून जाते. आरसी तुमच्या नावावर झाली म्हणजे विमा आपोआप पूर्णपणे तुमचा होत नाही. थर्ड पार्टीचा भाग, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर लागणारा, तो येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा आणि चोरीचा भाग नावावर करून घेण्यासाठी चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. तो केला नाही आणि गाडी चोरीला गेली, तर चाव्या कितीही असल्या तरी उपयोग नाही.

पॉलिसी उघडून वाचा

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. शोरूममध्ये "पाच वर्षांचा इन्शुरन्स झाला" असं सांगतात आणि आपण निर्धास्त होतो. त्या पॅकेजमध्ये स्वतःच्या गाडीचा भाग, म्हणजे ओन डॅमेज, बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. चोरी याच भागात येते. दुसऱ्या वर्षी तो भरला नसेल तर पॉलिसीवर पाच वर्षांची तारीख दिसते, पण चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. मोबाईलमध्ये पॉलिसीची पीडीएफ असेलच. ओन डॅमेजसमोरची तारीख आत्ताच बघा.

त्याच पानावर आयडीव्ही लिहिलेली असते. गाडी चोरीला गेली तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम म्हणजे ही. कंपनीची विक्री किंमत धरून वयानुसार ती कमी होते: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५०. लाखाची गाडी अडीच वर्षांची झाली की आयडीव्ही साधारण सत्तर हजार. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

विमा कंपनी दोन्ही चाव्या का मागते

मेहुण्याच्या कामासाठी आलेल्या तपासनीसाने चहाचा कप बाजूला सरकवला आणि टेबलावर रुमाल पसरला. "दोन्ही चाव्या ठेवा." मेहुण्याने एकच ठेवली. त्या माणसाने ती खिडकीशी नेली, उजेडात उलटसुलट करून दात पाहिले, कडेवरून अंगठा फिरवला, फोटो काढले. मग शांतपणे विचारलं, "दुसरी कुठे आहे?"

या प्रश्नामागचा हिशोब साधा आहे. कंपनीला तीन शंका असतात. गाडी खरंच चोरीला गेली की विकून टाकली? चावी गाडीलाच लावून ठेवली होती का? चावी दुसऱ्या कुणाकडे होती का? दोन्ही मूळ चाव्या हातात दिल्या तर तिन्ही शंका बऱ्याच कमी होतात. एकच दिली तर तिन्ही वाढतात. चावी खरी वापरातली आहे की कालच करून आणली आहे, हे झिजेवरून दिसतं. चावी कापायच्या यंत्रात मूळ चावी पकडली की तिच्यावर बारीक ओरखडे उठतात, म्हणजे तिच्यावरून कधी डुप्लिकेट केली का, हेही ओळखता येतं. शंका असेल तर चाव्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवतात.

पॉलिसीत "चावी गाडीवर लपवू नये" असं वाक्य सापडणार नाही. मी मेहुण्याची पॉलिसी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तिथे अट वेगळ्या शब्दांत आहे: मालकाने गाडीचं नुकसान होऊ नये म्हणून वाजवी ती सगळी काळजी घ्यायची. सगळा वाद या "वाजवी" शब्दावर होतो. तुम्ही म्हणाल, चावी आत बांधलेली होती, बाहेरून दिसत नव्हती. कंपनी म्हणेल, चोराच्या हातात गाडी आणि चावी दोन्ही एकाच जागी ठेवलीत. माझ्या मते कंपनीचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. गाडी ढकलून टेम्पोत टाकून नेणं वेगळं आणि चावी लावून, हँडल लॉक काढून, हेल्मेट घालून आरामात नाक्यावरच्या पोलिसासमोरून जाणं वेगळं.

असं झालं तर बऱ्याचदा दावा "नॉन-स्टँडर्ड" धरला जातो, म्हणजे पूर्ण रकमेऐवजी ७५ टक्के. सत्तर हजारांच्या गाडीचे साडेबावन्न हजार. साडेसतरा हजार एका लपवलेल्या चावीपायी गेले. तेही दावा मंजूर झाला तर. पहिल्या पत्रात कंपनी बऱ्याचदा सरळ नकार देते.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. दुसरी चावी नाही म्हणून नाक्यावरच्या चावीवाल्याकडून नवीन करून "या घ्या दोन्ही मूळ चाव्या" असं सांगू नका. मेहुण्यालाही हा सल्ला दोघांनी दिला होता. निष्काळजीपणा झाला तर भांडायला जागा राहते. दाव्यात खोटं सांगितलं हे सिद्ध झालं की सगळंच जातं.

लपवायचीच असेल तर तिसरी चावी

दोन्ही मूळ चाव्यांना हात लावू नका. एक वापरात, दुसरी घरात. प्रवासासाठी तिसरी करून घ्या, तीही शोरूममधून, चावीच्या नंबरावरून. बिल घ्या. आधीच्या बिल्ल्याच्या फोटोशेजारी त्याचाही फोटो ठेवा. उद्या चोरी झालीच तर मूळ दोन्ही चाव्या तुमच्या हातात असतात, त्यांच्यावर यंत्राचे ओरखडे नसतात, आणि "कधी डुप्लिकेट केली होती का" या प्रश्नाला "हो, अमुक तारखेला, हे बिल, आणि ही ती चावी" असं सरळ उत्तर देता येतं. चावीत चिप असलेली गाडी असेल तर नवी चावी गाडीशी जुळवून घ्यावी लागते, ते काम शोरूममध्येच होतं.

घरातल्या चावीबद्दलही एक सांगतो. घरात पंधरा-सोळा वर्षांचं मूल असेल तर ती दाराजवळच्या खुंटीला टांगू नका. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, अशी तरतूद आहे. विना परवाना चालवताना झालेलं गाडीचं नुकसानही विमा देत नाही.

आता तिसरी चावी कुठे? सगळ्यात चांगली जागा गाडीवर नाहीच. ती सोबत्याच्या सॅकमध्ये. आम्ही आता घाटात किंवा कोकणात जाताना निघायच्या आधी पेट्रोल पंपावरच चाव्यांची अदलाबदल करतो: माझी तिसरी त्याच्याकडे, त्याची माझ्याकडे. एकटे जात असाल तर जॅकेटच्या आतल्या अस्तरात एक छोटा खिसा शिवून घ्या, किंवा कमरेच्या पाउचमध्ये तिला वेगळी चेन असलेला कप्पा द्या. ज्या खिशात रोजची चावी असते तिथे ही नको, नाहीतर दोन्ही एकदमच जातात.

हे सगळं वाचूनही ज्यांना गाडीवरच ठेवायची आहे, उदाहरणार्थ एकट्याने लांबच्या प्रवासाला जाणारे, त्यांच्यासाठी पुढचं.

सीटखाली ठेवून उपयोग नाही, कारण सीट त्याच चावीने उघडते. टूलकिटही तिथेच असतं, म्हणून "स्क्रू काढून आत ठेवू" हा बेत करायचा तर तो पाना स्वतःच्या बॅगेत हवा. नंबर प्लेटच्या मागे, मडगार्डखाली आणि नुसतं ओढलं की निघणाऱ्या साईड कव्हरमध्ये चोर आधी हात घालतो, आणि मेकॅनिकला, वॉशिंग सेंटरवाल्याला त्या जागा रोज दिसतात. लोहचुंबकाची डबी लोखंडी चेसिसला चिकटते, प्लास्टिकला आणि ॲल्युमिनियमला नाही. चिकटली तरी खड्ड्यांच्या हादऱ्याने ती सरकत सरकत एक दिवस पडते आणि पडल्याचं कळतसुद्धा नाही. सेलोटेपचा गोंद इंजिनच्या उष्णतेने पातळ होतो. वॉशिंगच्या प्रेशरने चिकटपट्टी निघते.

टिकेल असं बांधायचं तर सायलेन्सरपासून लांब, टाकीखालच्या चेसिसच्या नळीला, बाहेरून बोटं पोचणार नाहीत अशा जागी. चावीला आधी थोडं ग्रीस, मग सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळून दोन्ही टोकं बांधा म्हणजे पावसात गंजत नाही आणि खडखडतही नाही. त्यावर दोन केबल टाय. टाय कापायला काहीतरी जवळ हवं हे विसरू नका. हँडल पूर्ण वळवून पाहा, बांधलेला तुकडा कुठल्या केबलला किंवा वायरला घासत नाही ना. ॲक्सिलरेटरची केबल अडकली तर चावी हरवण्यापेक्षा फार मोठं संकट येईल. चावी फक्त प्रवासापुरती ठेवा. घरी आल्यावर काढा. सर्व्हिसिंगला गाडी देताना तर काढाच.

स्मार्ट की असेल तर हा सगळा भाग सोडून द्या. ॲक्टिव्हाच्या एच-स्मार्टसारख्या गाड्यांत चावी दोन मीटरच्या आत असली की गाडी तिला ओळखते, चावी खिशातून काढावीही लागत नाही. तशी चावी गाडीवर लपवली की गाडी कुणालाही चालू करता येते.

चावी हरवली तर

त्याच दिवशी पोलिसांकडे हरवल्याची नोंद करा. मुंबई आणि पुणे पोलिसांच्या संकेतस्थळांवर "लॉस्ट अँड फाउंड" मध्ये ती घरबसल्या होते आणि पावती मिळते. त्या पावतीसह विमा कंपनीला एक ई-मेल पाठवा: पॉलिसी क्रमांक, गाडीचा क्रमांक, कधी आणि कुठे हरवली. दोन ओळी पुरतात. अंधारबननंतर मी हे केलं नव्हतं, कारण मला माहीतच नव्हतं. गाडीजवळच किंवा पार्किंगमध्ये चावी हरवली असेल, म्हणजे सापडणाऱ्याला गाडीही माहीत असण्याची शक्यता असेल, तर नव्या चावीवर भागवू नका, लॉकसेटच बदला. काही विमा कंपन्या चावी आणि लॉक बदलण्यासाठी वेगळी जोडपॉलिसी देतात.

गाडी चोरीला गेलीच तर

आधी वाहतूक पोलिसांनी उचलून नेली नाही ना, हे विचारा. नसेल तर लगेच ११२ आणि जवळचं पोलीस ठाणं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांत चोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली येतो, आणि हद्द कुठलीही असली तरी कुठल्याही ठाण्याला गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो. ऑनलाईन दिला तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका. नुसत्या अर्जावर "पोच" घेऊन घरी येणारे पुढे अडकतात.

जबाबात लिहा: गाडी कुठे लावली, हँडल लॉक केलं होतं, चाव्या किती आणि त्या या क्षणी कुठे आहेत. चावी गाडीवर होती तर तसंच लिहा. एफआयआरमध्ये एक आणि विम्याच्या फॉर्मवर दुसरं असं झालं की तेच तुमच्याविरुद्ध जातं.

त्याच दिवशी विमा कंपनीला फोन आणि ई-मेल. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं आहे की एफआयआर वेळेवर केला असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून चोरीचा दावा नाकारता येत नाही. तरी तो निकाल अडचणीत वापरायचा आहे, त्याच्या भरवशावर आळस नको. आरटीओलाही लेखी कळवा, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचा प्रयत्न झाला तर अडेल. कर्ज असेल तर बँकेला कळवा, कारण विम्याची रक्कम आधी बँकेचं बाकी फेडायला जाते.

मग थांबावं लागतं. तपास करून गाडी सापडली नाही तर पोलीस न्यायालयात "अ" समरी पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा आहे पण उलगडा झाला नाही. न्यायालयाने ती मंजूर केलेली प्रत कंपनीला लागते. तिच्याबरोबर आरसी, पॉलिसी, सही केलेले फॉर्म २८, २९ आणि ३०, हक्क कंपनीकडे सोपवल्याचं पत्र आणि चाव्या. चाव्या देण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि किती चाव्या घेतल्या याची सही-शिक्क्याची पोच घ्या. मेहुण्याने पहिली चावी पोच न घेता दिली, आणि महिन्याभराने त्याच कंपनीच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने "चावी जमा नाही" असं कळवलं. मी काढलेला एक फोटो होता म्हणून निभावलं.

कंपनीने नकार दिला तर

नकार लेखी घ्या, कारणासह. मेहुण्याला आलेल्या पत्रात एकच कारण होतं: दुसरी चावी गाडीत ठेवून वाजवी काळजी घेतली नाही. आम्ही कंपनीच्या तक्रार विभागाला दीड पानाचं उत्तर लिहिलं. त्यात चूक कबूल केली, आणि चोरीच्या प्रकरणात अट मोडली म्हणून पूर्ण दावा फेटाळता येत नाही, तो नॉन-स्टँडर्ड धरून द्यावा, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये घेतली आहे आणि २०२३ मध्येही ७५ टक्के रक्कम द्यायला लावली आहे, हे मांडलं.

तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपाल आहे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाणे इथे कार्यालयं आहेत. तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा, तिथे मुदत दोन वर्षांची. मेहुण्याला लोकपालापर्यंत जावं लागलं नाही. अकराव्या महिन्यात कंपनीने ७५ टक्के रक्कम दिली. त्यातून कर्जाचे राहिलेले हप्ते वळते झाले आणि हातात आलेल्या पैशांत त्याने जुनी गाडी घेतली. घेताना पैसे मोजण्याआधी त्याने विकणाऱ्याकडे दोन्ही चाव्या मागितल्या, आणि दोन्ही लॉकमध्ये घालून, फिरवून पाहिल्या.